शाळेसकट पुनर्विकास: एका कॉलनीत पाठिंबा कसा जमला आणि कुठे अडला

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका महापालिका हद्दीतल्या जुन्या कॉलनीचं आहे. शहर, सोसायटी, बिल्डर, कुणाचंच नाव देत नाहीये, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत किंवा सरळ गाळलेत. सोसायटीने नेमलेल्या पीएमसीच्या टीममध्ये, म्हणजे प्रकल्प सल्लागारांकडे, मी होतो, त्यामुळे मीटिंगा, नकाशे, भांडणं सगळं जवळून बघितलं.

कॉलनी तीन मजली इमारतींची, अडीचशेच्या आसपास सभासद, रस्त्याच्या बाजूला गाळ्यांची एक ओळ. स्लॅब गळतायत, लिफ्ट नाही, निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे. म्हणजे पुनर्विकास करायचा की नाही यावर वाद नव्हताच. वाद होता प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यावर. सोसायटीच्याच मालकीचा हा तुकडा, पण डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्याच्यावर प्राथमिक शाळेचं आरक्षण, आणि प्रत्यक्षात तिथे कित्येक वर्षं क्रिकेट आणि पार्किंग. खूप सभासदांना तर ही जागा आरक्षित आहे हेच माहीत नव्हतं, त्यांच्या डोक्यात ते ‘आपलं ग्राउंड’.

तिथून जरा अंतरावर महापालिकेची शाळा, पहिली ते पाचवी, पत्र्याच्या छपराची बैठी इमारत, पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत. तिथे येणारी बहुतेक मुलं कॉलनीमागच्या वस्तीतली. कॉलनीतलं एकही मूल त्या शाळेत जात नव्हतं, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

प्रस्ताव असा होता: तीन टॉवर, रस्त्याकडे तळाला दुकानं आणि पहिल्या मजल्यावर ऑफिसं, आणि कोपऱ्यात शाळेची इमारत बांधून ती फुकटात महापालिकेला द्यायची. याला अकोमोडेशन रिझर्व्हेशन म्हणतात, आरक्षित जागेचा ठरलेला हिस्सा बांधकामासकट पालिकेला दिला की उरलेल्याचा विकास मालकाला करता येतो. मुंबईबाहेर बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे आणि तिच्यात ही तरतूद आहे. पालिकेला जमीन विकत घ्यावी लागत नाही, सोसायटीची जागा अडकून पडत नाही, पत्र्याच्या शाळेला पक्की इमारत मिळते. कागदावर सगळेच खूश.

अडचण

विशेष सर्वसाधारण सभेत शाळेचा नकाशा पडद्यावर आला आणि सभा तिथेच फुटली. तोपर्यंत कार्पेट, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, किती, कॉर्पस, म्हणजे सभासदाला बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती, भाडं किती महिन्यांचं, यावर छान चर्चा चालू होती.

बोलून दाखवलेले आक्षेप नेहमीचे होते. गेटवर गर्दी, रिक्षा, सकाळी गाडी बाहेर काढता येणार नाही, दिवसभर गोंगाट. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला की शाळा आली की सायलेन्स झोन लागतो, मग सोसायटीत वर्षभर स्पीकर लावता येणार नाही. यात तथ्य इतकंच की २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, हॉस्पिटल आणि कोर्टाच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं आणि तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, पण ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं घोषित केल्याशिवाय ते आपोआप लागत नाही. हे सांगितल्यावर मेसेज थांबले, आक्षेप मात्र थांबले नाहीत.

कारण खरा आक्षेप अर्धवटच बोलला जात होता. एक ज्येष्ठ सभासद उभे राहून म्हणाले, ‘शाळेला विरोध नाहीये हो, शाळा हवीच, पण कुठली मुलं येणार याचा विचार नको का करायला?’ हॉलमध्ये काही जण हसले, काहींनी मान खाली घातली. मग एकाने सुचवलं की पालिकेच्या शाळेऐवजी एखादी इंग्लिश मीडियम संस्था आणा, मग बघा कुणी विरोध करतं का. हे वाक्य मिनिट्समध्ये आलं नाही, पण पुढचे सगळे निर्णय त्याच्याभोवतीच फिरले.

आणि तिसरी बाजू हॉलमध्ये नव्हतीच. वस्तीतल्या पालकांपर्यंत बातमी पोचली ती ‘शाळा हलवणार’ एवढीच. कमी पटाच्या शाळा एकमेकींत विलीन होतात हे त्यांनी ऐकलेलं, त्यामुळे हलवणार म्हणजे बंद करणार असा सरळ अर्थ लागला. म्हणजे ज्यांच्यासाठी शाळा बांधायची तेही विरोधात आणि ज्यांच्या जागेवर बांधायची तेही. बिल्डरचा माणूस मला म्हणाला, ‘साहेब, पाठिंबाच नाहीये कुणाचा.’ हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पाठिंबा होता, फक्त तो मोजला जाईल अशा जागी आणि अशा वेळी येऊच शकत नव्हता.

याला आधारही आहे. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ शहरं-गावांच्या नियोजन बैठकांची मिनिट्स तपासली, तर नवीन घरांच्या प्रस्तावांवर बोलणाऱ्यांतले जेमतेम १५ टक्के बाजूने होते आणि ६० टक्क्यांहून जास्त विरोधात, आणि बोलायला येणारे वयाने मोठे, घरमालक आणि जुने रहिवासी जास्त. आपल्याकडची सभा काही वेगळी दिसत नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे अशा प्रकल्पात आजूबाजूच्यांना कायदा जवळजवळ कुठेच विचारत नाही. सोसायटीच्या सभासदांची संमती लागते: सहकार कायद्याच्या ७९ अ खाली ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, व्हिडिओ शूटिंग आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती. पण शेजारच्या सोसायटीची किंवा शाळेच्या पालकांची कुठली संमती? २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, पण अशा इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे डीपी तयार होताना जी हरकत घ्यायची ती घ्या, नंतर थेट कोर्ट नाहीतर नगरसेवक. मधली जागा रिकामी, आणि ती आपल्यालाच भरायची असते.

कोणते पर्याय होते

पहिला, आरक्षणच हलवायचं किंवा बदलून घ्यायचं. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली डीपीत किरकोळ फेरबदल करता येतो, नोटीस, एक महिन्यात हरकती-सूचना, सुनावणी, मग सरकारची मंजुरी. कमिटीतल्या दोघांना हा फार आवडला. पण वेळेचा भरवसा नाही, आणि शाळेची जागा काढा असं जाहीर नोटिशीत लिहून आल्यावर वस्तीतून, शाळेतून, पेपरमधून काय प्रतिक्रिया येईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरा त्याच कायद्याच्या कलम १२७ चा. डीपी लागू होऊन १० वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कॉलनीतले एक निवृत्त वकील यासाठी हट्टच धरून बसले होते, आणि कायद्याने ते बरोबर होते. पण यात जुगार असा की नोटीस मिळाल्यावर पालिका खरंच जागी झाली आणि संपादन सुरू केलं तर कोपरा हातातून जातो, आणि तोवर इमारती गळतच राहणार.

तिसरा, शाळा टॉवरच्या खालच्या मजल्यांतच बसवायची. जगात असं झालेलं आहे. न्यूयॉर्कला ८ स्प्रूस स्ट्रीट नावाच्या ७६ मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर सरकारी शाळा आहे आणि वर भाड्याची घरं. आर्किटेक्टला हा भारी आवडला, जागा वाचते, ग्राउंड मोठं राहतं. आम्ही दोन कारणांनी नको म्हटलं. एक आग. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली आणि त्याच प्रकरणावरून २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. टॉवरमध्ये शाळा ठेवायची तर जिने, बाहेर पडायच्या वाटा, टाक्या, पंप सगळं पूर्ण वेगळं करावं लागतं, आणि वीस वर्षांनी त्या पंपाची देखभाल सोसायटी करणार की पालिका, यावर कुणी लिहून द्यायला तयार होईना. दुसरं कारण मालकीचं: एकाच इमारतीत खाली पालिका आणि वर सोसायटी, गळतीचं पहिलं पत्र पहिल्याच पावसाळ्यात.

राहिला चौथा, कोपऱ्यात स्वतंत्र इमारत, स्वतंत्र कंपाउंड, आणि गेट मागच्या रस्त्याला. तोच निवडला. इथे एक खटकणारी गोष्ट सांगायलाच हवी. वेगळं गेट हे सुरक्षेसाठी बरोबर होतं, ट्रॅफिकसाठीही बरोबर होतं, पण काही सभासदांना ते हवं होतं ते ‘ती मुलं आपल्या गेटने नकोत’ म्हणून. चुकीच्या कारणासाठी मागितलेली गोष्ट बरोबर असली तर काय करायचं? टीममध्ये यावर बरीच वादावादी झाली. शेवटी गेट वेगळं ठेवलं आणि त्या बदल्यात एक अट घातली, कॉलनी आणि शाळा यांच्यामध्ये चालत जायला एक छोटं दार हवं आणि ग्राउंड दोघांनी वापरायचं.

काय केलं

सगळ्यात आधी आम्ही शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलो. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेत ही समिती सक्तीची आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला लागतात. बिल्डरचं म्हणणं होतं नगरसेवकाकडे जाऊ, एका चहात काम होईल. पण नगरसेवकाचा पाठिंबा निवडणुकीबरोबर बदलतो, समितीचा ठराव फायलीत राहतो.

पहिली बैठक शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी सुचवली तशी शाळा सुटायच्या वेळी, व्हरांड्यात. कॉलनीतल्या मीटिंगा संध्याकाळी सातला असायच्या, आणि त्या वेळी या आयांपैकी बऱ्याच जणी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करत असायच्या, काही तर याच कॉलनीत. एका ताईंनी नकाशा उलटा धरून बघितला, मग बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘दादा, ते राहू द्या. जुनी शाळा कधी पाडणार ते सांगा.’ तिथे आम्हाला कळलं की प्रश्न इमारत कशी असेल हा नाहीच, कशाच्या आधी काय होणार हा आहे.

त्यातून दोन अटी आल्या. नवीन इमारत पालिकेच्या ताब्यात जाऊन वर्ग सुरू झाल्याशिवाय जुन्या शाळेला हात लावायचा नाही, ही एक, आणि ती पालिकेच्या शिक्षण विभागाकडून लेखी घेतली. दुसरी जास्त कडक: शाळेची इमारत पूर्ण करून ताबा दिल्याशिवाय बिल्डरने विक्रीच्या टॉवरची ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, मागायची नाही, आणि हे विकास करारनाम्यातच घालायचं. बिल्डर यावर तीन आठवडे अडून बसला. साहजिक आहे, त्याचे सगळे पैसे त्या टॉवरमध्ये. शेवटी तयार झाला कारण सोसायटीच्या कमिटीने ही अट आपली म्हणून उचलून धरली, आणि कमिटीने उचलून धरली कारण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं की पालकांचा ठराव फायलीत नसेल तर पालिकेत फाइल कुठे ना कुठे अडणार. परोपकार म्हणून कुणी काही केलं नाही.

पालकांची अजून एक मागणी होती, शाळा आठवीपर्यंत करा. कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी, आणि तशी एक होती. पण मध्ये हायवे, आणि पाचवीनंतर मुलींना पाठवायला घरचे नको म्हणतात. वर्ग वाढवणं ना सोसायटीच्या हातात ना बिल्डरच्या. मग फाउंडेशन आणि कॉलम एका जादा मजल्याचे करून ठेवायचे एवढं ठरलं.

कॉलनीच्या बाजूला मात्र बोलून काही होत नव्हतं. तेव्हा एका रविवारी सकाळी कोपऱ्यात फक्की मारून शाळेची भिंत, गेट आणि उरलेलं ग्राउंड खऱ्या मापात आखलं. थ्रीडी व्ह्यू सगळ्यांनी मोबाइलवर बघितले होते, त्यात झाडं असतात, फुगे धरलेली मुलं असतात, कुणाचा विश्वास बसत नाही. फक्कीच्या रेषेवर उभं राहून लोकांनी स्वतः पावलं मोजली. एका आजींना कळलं की त्यांच्या बाल्कनीपासून शाळेची भिंत वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब आहे. क्रिकेटवाल्या पोरांना कळलं की लेग साइड गेली. म्हणजे फक्कीने काही लोक शांत झाले आणि काही नवीन लोक भडकले, पण आता भांडण खऱ्या मापावर होतं. शाळेची इमारत त्यानंतर थोडी सरकवली आणि शाळेचं ग्राउंड शाळा सुटल्यानंतर आणि सुट्टीच्या दिवशी कॉलनीतल्या आणि वस्तीतल्या मुलांना खुलं राहील असा मसुदा झाला.

गाळेवाल्यांचा विषय कुणाच्याच यादीत नव्हता आणि तोच सगळ्यात चिवट निघाला. रस्त्याच्या ओळीत एकाचं पान-सिगारेटचं दुकान, जुना सभासद, नव्या इमारतीत गाळा मिळायचा हक्क आहेच. पण तंबाखू नियंत्रण कायद्याने, म्हणजे २००३ च्या कोटपाने, शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूची विक्री चालत नाही. तो म्हणाला गेट मागच्या रस्त्याला आहे ना, मग फिरून अंतर जास्त होतं. होत नाही, कारण अंतर कंपाउंडच्या हद्दीपासून सरळ रेषेत मोजतात. जुनी शाळा त्या अंतराच्या बाहेर होती, नवीन आत आली, आणि या माणसाचा धंदा नकाशावरच्या एका रेषेने गेला. त्याचा विरोध मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला. कमिटीने त्याला दर्शनी कोपऱ्याचा गाळा देऊ केला, म्हणजे भाडं तरी चांगलं येईल. खाण्याच्या दुकानांनाही वेळेवर सांगितलं की २०२० च्या एफएसएसएआय नियमांनुसार शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त फॅट, मीठ, साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत, त्यामुळे मागच्या बाजूला खाण्याचा गाळा ठेवलाच नाही.

काय झालं

अंतिम सभेत ५१ टक्क्यांच्या बरंच वर लेखी संमती आली. सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर, शूटिंग चालू, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन पालक पाहुणे म्हणून बसलेल्या. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता आणि त्या बोलल्याही नाहीत. पण ‘कुठली मुलं येणार’ हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. समोर बसलेल्या माणसाबद्दल असं बोलणं अवघड जातं. मतं बदलली असं मी म्हणणार नाही, भाषा बदलली.

शाळेचा ताबा टॉवरच्या आधी गेला, अट पाळली गेली, थोडी कुरकुर आणि एकदा मुदतवाढ मागून. जुनी शाळा वर्ग हलल्यावरच रिकामी झाली. जादा मजला अजून नाही, त्याचा प्रस्ताव शिक्षण विभागात पडून आहे आणि मुली पाचवीनंतर अजूनही हायवे ओलांडतात.

शेजारची सोसायटी शेवटपर्यंत विरोधातच राहिली. त्यांना उन्हाचा आणि रस्त्याचा त्रास आहे आणि तो खरा आहे. शाळा सुटताना मागच्या गल्लीत रिक्षा लागतात आणि अर्धा तास गल्ली जाम. आम्ही टॉवरच्या गाड्यांचा हिशोब काढला होता, शाळेचा अर्धा तास मात्र त्यात सरासरीत विरघळून गेला. पान दुकानवाल्याने गाळा क्लिनिकला भाड्याने दिला आणि तो आता कॉलनीत फारसा दिसत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पालकांकडे जाणं सभेच्या आधी हवं. इथे सभा फुटल्यावर गेलो, त्यामुळे ‘हलवणार’ ही बातमी अफवा होऊन पोचली, आणि तिला पुसण्यात बराच वेळ गेला.

शेजारच्या सोसायटीला फक्कीच्या दिवशी बोलवायला हवं होतं. कमिटी नको म्हणाली, ‘त्यांना कशाला आपल्या घरात’, आणि टीमने तिथे जोर लावला नाही. त्यांचा विरोध मावळला असता असं नाही, पण रिक्षांचा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी दाखवून दिला असता, गल्लीत ते राहतात.

ट्रॅफिकचा सर्व्हे शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेचा स्वतंत्र काढावा आणि रिक्षा थांबायची जागा कंपाउंडच्या आत, पालिकेच्याच हद्दीत सोडावी, मग ग्राउंड अजून थोडं कमी झालं तरी चालेल. पोरं ओरडतील, पण ती अशीही ओरडलीच.

गाळेधारकांची यादी आणि शाळेभोवतीच्या बंधनांचं अंतर हे दोन्ही एकाच नकाशावर पहिल्याच आठवड्यात टाकायला हवं, म्हणजे ज्याचा धंदा जाणार आहे त्याला ते सभेत सगळ्यांसमोर कळणार नाही.

आणि ग्राउंडच्या वापराचा करार. तो पालिका आणि सोसायटीत सध्या वर्षावर्षाने वाढवतात, ठरावीक मुदतीचा नाही. मुख्याध्यापिका बदलल्या की अर्थ बदलतो, सोसायटीचा चेअरमन बदलला की छोट्या दाराला कुलूप लागतं, मग दोन फोन होतात आणि ते निघतं. ताबा देताना बिल्डरचे पैसे अडलेले होते, सगळ्यांना घाई होती, आणि तीच वेळ होती हा करार दहा-पंधरा वर्षांचा करून घ्यायची. आता पालिकेला तसं करायची काहीच गरज उरलेली नाही. सोसायटीने यंदा पुन्हा अर्ज दिलाय, या वेळी शाळा व्यवस्थापन समितीची सही सोबत घेऊन.